बसलेली पाखरं

बायकोच्या बाराव्याला जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, बिचारीची शेवटची इच्छा तेवढी पुरी झाली, पाखरं बघायला मिळाली तिला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. डोंबलाची पुरी झाली. त्या दिवसाइतका घाणेरडा दिवस मी दुसरा बघितला नाही, आणि मी मुंबईत गिरणीच्या चाळीत संडासाच्या रांगेत वर्षं काढलेला माणूस आहे. बाराव्याला बोलणाऱ्यांतलं एकही माणूस तिथं नव्हतं. मी होतो. शाळा दुसरीपर्यंत झाली माझी, तेव्हा लिहिण्यात वाकडंतिकडं झालं तर झालं. पण गोडगोड लिहिणार नाही.

आमची शेती म्हसळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. भाताची. भात पेरणाऱ्याला पाखरांचं कौतुक सांगू नये. आज पेरलं की उद्या सकाळी पाहुणे हजर. कणसात दूध भरलं की पुन्हा हजर. पाखरू म्हटलं की माझा हात आधी ढेकळाकडं जातो. बगळा असो, पोपट असो, मला सगळे सारखेच. चोर.

हिचं माहेर मात्र पाखरांचंच गाव. नदी रुंद होत होत जिथं खाडीला मिळते तिथं त्यांचं मोठं खाजण आहे, म्हणजे खारी सखल जमीन, आणि खाडीचं पाणी आत शिरू नये म्हणून भोवती मातीचा बांध. पावसाचं गोडं पाणी बांधाच्या आत थंडी सरेपर्यंत साठून राहतं. त्यात कुठली कुठली बदकं येऊन पडतात. संस्थानाचं राज्य होतं तेव्हा ते खाजण शिकारीला राखीव होतं. गावच्या माणसानं बांधावर पाय ठेवायचा नाही. ठेवायचा तो शिकारीच्या दिवशी, हाका घालायला. बडे लोक बंदुका घेऊन मचाणावर बसणार, आणि गावचे पुरुष पलीकडच्या बांधावरून रॉकेलचे डबे, थाळे, ढोल बडवत ओरडत सुटणार. पाखरं उठली की मचाणावरून जाणार, आणि तिथं बार.

पुरुषांना हाका, बायकांना पिसं. पडलेली बदकं गोणीत भरून तंबूजवळ यायची आणि बायकापोरी उकळत्या पाण्याच्या हंड्यांभोवती बसून ती सोलायच्या. ही सात-आठ वर्षांची असल्यापासून बसायची. काही पाखरं जिवंतच असायची म्हणे. मान मुरगळायची आणि पिसं ओढायची. नाकात लव जायची, हाताला चरबीचा असा वास लागायचा की भाकरी तोंडाजवळ नेली की ओकारी यायची. मजुरी म्हणून मुंड्या आणि पाय पदरात टाकायचे. लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हा मासळी तेवढी खायची. कोंबडीला कधी हात लावला नाही. माझी आई म्हणायची, “हिला काय राजाच्या घरनं आणलीय काय?” आई, राजाच्याच घरची घाण होती ती. पण आईपुढं बोलायची आमची छाती नव्हती.

संस्थान खालसा झालं. काही वर्षांनी सरकारनं तिथं पाटी लावली, की ही पाणपाखरांची राखीव जागा आहे, इथं शिकार करणारास शिक्षा होईल. हिचा थोरला भाऊ आधी हाकेकऱ्यांचा म्होरक्या होता. सरकारनं त्यालाच रखवालदार नेमला. पागोटं तेच, छातीवर बिल्ला नवीन. आतलं डोकं काही सरकारनं बदलून दिलं नाही, हे पुढं कळलं.

हिला हृदयाचं दुखणं लागलं. पाय सुजायचे, दम लागायचा, दोन उश्या लावून बसल्या बसल्या झोपायची. म्हसळ्याचा डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाला, पुढचा पावसाळा बघतील असं वाटत नाही. मी घरात आलो. तिनं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. चार दिवसांनी भात पाखडत होतो तेव्हा म्हणाली, “आवो, मला माहेराला न्या एकदा. पाखरं बघायची हायत.”

मी म्हटलं, “पाखरं हितं कमी हायत काय? परसात कावळे बघ.”

“तशी न्हाय. तिथली. बसलेली.”

“बसलेली म्हणजे?”

तिनं सूप खाली ठेवलं. “जल्मभर मी ती उठलेलीच बघितली. न्हायतर मेलेली. आमी दारात उभ्या ऱ्हायचो, हाका झाला की डोक्यावरनं जायची ओरडत, आन धपाधप पडायची. पाण्यात आपली गुमान बसलेली कशी दिसतात ते कदी बघितलंच न्हाय. तेवढं बघायचंय.”

मला राग आला. डॉक्टर काय सांगून गेलाय, आणि हिला बसलेली बदकं हवीत. पण नेलं. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात होतं काय?

मेव्हण्याला निरोप धाडला, हिला पाखरं बघायचीत. त्याचा उलटा निरोप आला, पौषात मुंबईचा मोठा साहेब खास पाखरं बघायला येतोय, त्याच दिवशी या. मचाण नवीन बांधलंय, बांधावरचा चिखल काढून घेतलाय, बायला चालायला बरं पडेल. बाय म्हणजे ही. तो तिला लहानपणापासून बायच म्हणायचा.

पहाटेच्या भरतीबरोबर खाडीतून होडीनं गेलो. होडीवाला मुसलमान, किनाऱ्याकडचा, आमचा जुना ओळखीचा. हिला भाबी म्हणायचा. हिला उचलून होडीत बसवताना माझा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. खाडीचा चिखल ज्यानं हुंगलाय त्यालाच कळेल. सडलेली अंडी, सडलेली मासळी आणि वर कुणीतरी मुतल्यासारखा. होडीवाला म्हणतो, “भावजी, मुंबईत लोक असला चिखल तोंडाला फासतात म्हणतात, गोरं व्हायला.”

“तू फास आधी. मग बघू.”

“मी फासून फासूनच असा झालो ना!”

ही हसली. मग खोकली बराच वेळ.

पोचलो तेव्हा खाजणावर धुकं. हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं. मेव्हणा बांधावर आला, बिल्ला पुसून चकचकीत केलेला. बहिणीकडं बघून त्याचं तोंड उतरलं, पण लगेच मोठ्यानं म्हणाला, “बाय, आज असं दाखवतो तुला, का राजाला पन दाखवलं न्हवतं!” आणि कामं आहेत म्हणून धुक्यात गेला.

साहेब आगरदांड्याला लाँचनं उतरून दुसऱ्या होडीनं आधीच येऊन बसला होता. आपलाच माणूस, देशी. खाकी अर्धी चड्डी, हॅट, गळ्यात दुर्बीण. मी हिला मचाणाच्या चार पायऱ्या कशाबशा चढवल्या. त्यानं हिच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं आणि आपली टोपली पलीकडं सरकवली. बोट ओठावर ठेवून म्हणाला, “बोलायचं नाही.” मग स्वतः टोपलीतलं उकडलेलं अंडं काढलं, टकटक करून फोडलं, आणि मिठाची पुडी उलगडून खायला लागला. पाखरं बघायला आलेला माणूस पाखराचंच अंडं खातोय. हिनं मान फिरवली.

पण आवाज येत होता. धुक्याच्या आत पाणी नुसतं जिवंत. कुणी बुचकळ्या मारतंय, कुणी पाण्यावर चोच आपटतंय. अडई नावाची बदकं असतात, ती बारीक शीळ घालतात, तसल्या शिळा. ही कठड्याला धरून पुढं वाकली. माझा हात घट्ट दाबला. बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं म्हणून नुसती ओठांनी म्हणाली, “बसलीत.”

धुकं वर सरकायला लागलं. आधी मचाणाचे खांब दिसले, मग पाण्याची कड, कडेला शेवाळ आणि तरंगणारी पिसं आणि पांढरी विष्ठा. अजून थोडं. साहेबानं अंड्याचा हात चड्डीला पुसला आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

आणि पलीकडून डबे वाजले.

एक नाही, दोन नाही, अख्ख्या गावानं एकदम. डबे, थाळे, ढोल, “हो हो हो” म्हणून आरोळ्या. पाणी जसं काय फाटलं. जेवढी पाखरं होती तेवढी एकदम उठली. पंखांचा असा आवाज की मचाण हादरलं. आमच्या डोक्यावरून गेली आणि जाता जाता हगली. साहेबाच्या हॅटवर, हिच्या पदरावर, माझ्या टाळूवर. गरम. वर बघितलं तर तोंडात आलं असतं. ही दोन्ही हातांनी कान झाकून खाली बसली होती. डोळे मिटलेले. पुढं काय होतं ते तिला माहीत होतं ना, बार आणि धपाधप. बार झाला नाही.

साहेब ओरडत होता, “थांबवा! अरे थांबवा! कोणी सांगितलं हे?” त्या गोंधळात कोण ऐकतो.

मेव्हणा धापा टाकत बांधावरून पळत आला. तोंडावर असा आनंद, की पोरगा झालाय जणू. मचाणाखाली उभा राहून सलाम ठोकला आणि वर बघितलं. साहेबाच्या हातांकडं बघितलं. आजूबाजूला बघितलं.

“साहेब, बंदूक?”

“कसली बंदूक?”

“सगळीच्या सगळी डोक्यावरनं काढून दिली! एक पन बाजूला जाऊ दिलं न्हाय. बार का न्हाय टाकला?”

साहेब लाल झाला. “अरे मूर्खा, इथं शिकार बंद आहे! पाटी कोणी लावलीय? मी मारायला आलो नाही. मी बघायला आलोय, बघायला!”

मेव्हण्याला खरंच कळेना. “व्हय साहेब. बगायलाच. म्हनून तर उठवली. बसलेल्या पाखरात काय बगायचं?”

साहेबानं हॅट काढली, तिच्यावरचं बघितलं, आणि इतकं इंग्रजी बोलला की खाली गावची माणसं शिव्या आहेत हे ओळखून हसायला लागली. ढोलवाला अजून वाजवतच होता. त्याला वाटलं असेल साहेब खूश झाला. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. साहेबाची, मेव्हण्याची, त्या ढोलवाल्याची. संस्थान जाऊन इतकी वर्षं झाली आणि मोठा माणूस येणार म्हटलं की यांच्या हाताला आपोआप डबा येतो. कुणी हुकूम केलेला नव्हता. कुणी मजुरी दिलेली नव्हती. मोठा माणूस आणि पाखरं म्हटलं की हाका, यापलीकडं दुसरं काही असतं हे त्यांना ठाऊकच नाही.

साहेब टोपली उचलून निघून गेला. खाली उतरताना “रिपोर्ट करतो” म्हणाला. त्याची होडी ओहोटीबरोबर गेली. त्याला काय, तो दुसऱ्या खाडीवर दुसरी पाखरं बघेल.

मेव्हणा मचाणाच्या खांबाला टेकून बसला. “बाय, तुज्यासाटी पन लावला गो हाका. सगळा गाव उटवला पहाटेचा. तू म्हनालीस ना, पाखरं बगायचीत.”

हिनं पदरानं आधी माझं डोकं पुसलं. मग म्हणाली, “व्हय रे दादा. पन ल्हानपनी काय कमी उठवलीस तू?”

त्याला ते लागलं. पण काय लागलं ते समजलं नसणार.

खालून होडीवाला ओरडला, “भावजी, पानी चाललं! उतरवा भाबीला. होडी चिखलात बसली तर मग सांजच्या भरतीशिवाय हलनार नाय.”

मी हिच्या काखेत हात घातला. ती उठेना.

“चल.”

“मी बसते हितंच.”

“अगं, पाखरं गेली. संपलं.”

“येतील.”

“आणि न्हाय आली तर?”

“आली न्हाय तर न्हाय आली. पन आज गेले तर मी परत काय येत न्हाय हितं. तुमालाबी माहीत हाय.”

हे बोलली आणि कठड्याला डोकं टेकून पाण्याकडं बघत बसली. पाणी रिकामं. गढूळ. वर पिसं फिरतायत. मी तिला बोललो, नको नको ते बोललो. औषध घरी राहिलंय, अंगात त्राण नाही, बदकांपायी इथं मरणार काय.

मेव्हणा म्हणाला, “येतील भावोजी. हाक्यानंतर उन्हं कलल्यावर येतात परत. भुकेली असतात. आमी मागं दुसरा हाका तवाच घालायचो.”

“आता घातलास तर तुझ्या डोक्यात घालीन मी डबा,” मी म्हटलं. मग त्याला म्हटलं, जा, आणि गावात सांग, या बाजूला कुत्रं पण फिरकता कामा नये. तो गेला. ते तेवढं काम त्यानं नीट केलं, नाही म्हणत नाही.

होडीवाल्याला मी हात हलवून सांगितलं, तू जा. तो गेला नाही. थोड्या वेळानं होडी चिखलात कलंडली. तो बांधावर येऊन बिडी पेटवून बसला आणि खालूनच म्हणाला, “भाबी, पाखरां काय तुमच्या भावाची चाकर हायत काय, बस म्हटलं की बसतील?”

“न्हाय ना,” ही म्हणाली. “म्हणून तर बघायचीत.”

दुपार कशी काढली ते विचारू नका. ओहोटी लागली तसा बांधापलीकडचा चिखल उघडा पडला आणि वास दुप्पट झाला. मचाणाचं लाकूड पाखरांच्या घाणीनं बरबटलेलं, हात टेकावा तिथं चिकट. माशा हिच्या पायावर बसायच्या, सुजलेल्या कातडीला पाणी सुटलं होतं तिथं. मी पंच्यानं वारत होतो. होडीवाल्यानं भाकरी आणि सुकटाची चटणी वर दिली. मला एक घास गिळवेना. हिनं अर्धी भाकरी खाल्ली. महिनाभरात तेवढी खाल्ली नव्हती.

उन्हं कलली तशी आली. आधी चार-पाच, उंचावरून गोल फिरून बघत. मग अजून. पण आमच्याकडं कुठली येणार? पार पलीकडं, नदीच्या अंगाला उतरली. सूर्य नेमका त्यांच्या मागं.

हिनं डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आली काय?”

“आली ना. ती काय.”

“मला नुसतं चकाकतंय. काय पण कळत न्हाय.” मग थांबून म्हणाली, “बसली?”

मी बघितलं. माझी लांबची नजर शाबूत आहे, शेतात बसून चोरांवर ठेवलेली. “बसली,” म्हटलं.

“काय करतात?”

“काय करणार? हगतात.”

ती हसली. इतकी हसली की दम लागला. मी पाठ चोळली. श्वास बसल्यावर म्हणाली, “खरं सांगा. नीट सांगा. मला दिसंना म्हणून काय पन थापा लावू नका.”

थापा मला येत नाहीत. पाखरांच्या तर नाहीतच. मी जे दिसत होतं ते सांगत गेलो. म्हटलं, एक थोराड बदक डोकं पाण्यात घालून ढुंगण वर करून उभं आहे. लाज नाही. दुसरं त्याच्याकडं बघतंय आणि मग तेही तसंच. कडेला लांब तांबड्या पायांची, शेकाट्या म्हणतात ती, चिखलात चोच खुपसून घाण खातायत. दोघांचं एका किड्यावरून भांडण लागलंय, तिसऱ्यानं तो किडा पळवला.

“आणि?”

“आणि काय. चार-पाच झोपलीत. मान पाठीवर टाकून, एका पायावर.”

“झोपलीत?”

“व्हय. पडत पण न्हाईत मेली.”

“भ्यालेली न्हाईत?”

“भ्यालेली असती तर झोपली असती काय?”

तिनं माझ्या खांद्याला डोकं लावलं. खाली भरतीचं पाणी चिखलात शिरताना बुडबुड वाजत होतं आणि होडीवाला होडी सरळ करत होता.

“अजून सांगा,” ती म्हणाली.

नवीन काही घडत नव्हतं. पाणी, चिखल, पाखरं. ज्यांनी डोकी बुडवली होती त्यांनी वर काढली होती आणि बसली होती. मी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.